कवळीवर आलेला आळ

त्याला सगळे बटण म्हणत. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं एक बऱ्यापैकी नाव होतं, पण ते आता पगाराच्या दिवशीच काय ते बाहेर निघायचं. खोलीतून बाहेर पडताना ज्याचा उजवा हात मेंदूला न विचारता भिंतीकडे जातो, त्याला दुसरं काय म्हणणार? दिवा, पंखा, गिझर, दिसेल ते बटण तो बंद करी. खोलीत माणूस आहे की नाही हा त्याच्या लेखी तपशिलाचा भाग होता. "अहो, मी आहे आत!" ही न्हाणीघरातल्या अंधारातून येणारी त्याच्या बायकोची आरोळी शेजाऱ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की ती एखाद्या सकाळी आली नाही तर ते काळजीने विचारत, "वहिनी माहेरी गेल्या का?"

एकदा सासूबाई राहायला आल्या होत्या. टीव्हीवर रहस्यमालिकेचा शेवटचा भाग चालला होता आणि खून कोणी केला हे इन्स्पेक्टर आता सांगणार, एवढ्यात जावईबापूंनी टीव्ही घालवला.

"अहो, बघत होते ना मी!" सासूबाई किंचाळल्या.

"तुमचे डोळे मिटलेले होते, आई."

"मिटून ऐकत होते!"

ज्याचे डोळे मिटले त्याचं काम संपलं, हा बटणचा सिद्धान्त. खून कोणी केला हे सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्यांचा संशय जावयावर आहे.

असा हा माणूस एका ध्वनिग्रंथालयात संगणक सांभाळायला होता. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी तिथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली जात. दोन खोल्यांचा संसार. एकीत मायक्रोफोन, खुर्ची, पलीकडच्या संगणकाला जोडलेला एक पडदा आणि भिंतींना चिकटवलेला, अंड्यांच्या ट्रेसारखा दिसणारा फोम. दुसरीत बटण, त्याचा संगणक आणि मधली काच. वरच्या मजल्यावर ग्रंथपालबाई. त्या इतक्या हळू बोलत, की शिपाईसुद्धा त्यांच्यापुढे कुजबुजायला लागे.

वाचणारे बरेच होते, पण ऐकणारे फोन करून विचारत ते एकाच माणसाबद्दल. "काकांचं नवीन काय आलंय?" काका म्हणजे एक निवृत्त टपाल कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवली, त्याचा जणू सूड म्हणून निवृत्तीनंतर ते दिसेल ते मोठ्याने वाचत सुटले होते. आवाज खर्जातला, थोडा धुरकट. पण काकांची खरी करामत शब्दांत नव्हती, शब्द थांबत तिथे होती. "तिने दार उघडलं..." म्हणून ते असे थांबत, की ऐकणाऱ्याने स्वतःच उठून दाराबाहेर डोकावावं. वरचे दात गेले होते, खालचेही गेले होते, पण कवळी अशी चपखल बसली होती की काका ती स्वतःही विसरून जात.

आता बटणने काय केलं ते सांगायला हवं. त्यासाठी संगणकाच्या पोटात जरा डोकावावं लागेल. घाबरू नका, लगेच बाहेर येऊ.

संगणकाच्या पोटात जो मुख्य कारकून असतो, तो प्रोसेसर, तो आपल्याला वाटतो तितका कामसू नसतो. दोन कामांच्या मधे जरा फट मिळाली की तो झोपतो. झोपेचेही प्रकार. एक नुसती बसल्याबसल्या डुलकी, हाक मारली की लगेच 'ओ'. एक चांगली आडवं होऊन. आणि एक डोक्यावरून पांघरूण घेऊन, दिवे विझवून, दाराला कडी घालून. झोप जितकी गाढ तितकी वीज कमी लागते. आणि जितकी गाढ तितका उठायला उशीरही होतो. कोणत्या फटीत कोणती झोप घ्यायची, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. पुढचं काम केव्हा येईल याचा अंदाज बांधायचा आणि कारकुनाला सांगायचं, "पड जरा," किंवा "पडू नकोस, नुसता टेक." बिचारी तारेवरची कसरत करत असते. अंदाज एका बाजूला चुकला तर वीज वाया, दुसऱ्या बाजूला चुकला तर काम खोळंबलं.

बटणला यात पहिली चूक तेवढी दिसली. कारकून डुलक्या घेतो म्हणजे दिवा लावून झोपतो, हे त्याच्या जिवाला लागलं. एका दुपारी त्याने ध्वनिमुद्रणाच्या संगणकावर बसून सिस्टिमला बजावलं: डुलक्या बंद. फट दिसली की थेट पांघरूण. यंत्र थंड पडलं, पंख्याची घरघर थांबली, विजेचा आकडा खाली आला. ग्रंथपालबाईंनी सभेत सगळ्यांदेखत त्याचं कौतुक केलं. त्या काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही, पण त्या बटणकडे बघून हसल्या हे सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर काकांनी एक जाडजूड जुनी कादंबरी वाचायला घेतली. आणि ऐकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. मधूनमधून 'टिक' असा आवाज येतो. बारीक, कोरडा. शब्द चालू असताना नाही. काका थांबले की त्या शांततेत. "तिने दार उघडलं..." टिक. सगळ्या दाराचा विचका.

बटण तपासायला बसला. काकांना काचेपलीकडे बसवलं, काकांनी वाचलं, बटणने आपल्या पडद्यावर प्रोसेसरच्या हालचाली दाखवणारे आलेख उघडले आणि कानांवर हेडफोन चढवून ऐकत राहिला. एक टिक नाही. पुन्हा वाचलं. नाही. यंत्र गाईसारखं गरीब. बटण सवयीने पडद्यावरचं सगळं बंद करून उठून गेला, काकांनी पुढचं प्रकरण वाचलं, आणि त्यात टिकच टिक.

आणखी एक गोष्ट. त्याच संगणकावर, त्याच मायक्रोफोनवर चिमणीताई वाचायच्या. दिवसा विमा कार्यालयात नोकरी, संध्याकाळी वाचन. बोलण्याचा वेग असा की स्वल्पविरामांना पळताना धाप लागावी. त्यांच्या पुस्तकांत टिक नव्हती.

"बाई," बटण ग्रंथपालबाईंना म्हणाला, "यंत्रात दोष असता तर चिमणीताईंच्या वाचनातही आला असता की. काकांच्याच येतोय. आणि मी समोर बसलो की काका जरा सावरून वाचतात, तेव्हा येत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "काकांना कवळी आहे ना?"

मुद्दे बिनतोड होते. म्हणून तर घात झाला. शुद्ध मूर्खपणा माणूस हसण्यावारी नेतो. मुद्देसूद मूर्खपणापुढे सगळे मान डोलावतात.

काकांना सांगायचं काम बटणवरच आलं. काका आधी हसले. मग जिभेने कवळी आतून चाचपत म्हणाले, "कधी वाजल्याचं आठवत नाही रे मला. असं करू का, काढून ठेवतो आणि एक पान वाचतो. टिक आली तर दात सुटले."

"छे छे, काका. शब्द कळायचे नाहीत. कशाला उगाच?"

खरं कारण वेगळं होतं. बटणला घरी जायचं होतं, आणि निदान तर झालंच होतं.

काका दंतवैद्याकडे गेले. त्याने कवळी घासून दिली. टिक आली. पुन्हा गेले, पुन्हा घासली. टिक आली. त्यांनी कसली तरी चिकट पेस्ट लावून वाचलं. टिक आलीच, शिवाय आता 'प' म्हणताना ओठ चिकटू लागले. शेवटी एक दिवस काकांनी पुस्तकात खूण घालून ते बाईंच्या टेबलावर ठेवलं. "दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या दातांपायी गोष्टीचा रसभंग नको." कादंबरीची नायिका तेव्हा दार उघडून उभी होती. बाहेर कोण आहे ते कळायचं होतं.

पुस्तक चिमणीताईंकडे आलं. चिमणीताई नेहमी पडद्यावरून वाचत आणि वाचताना शेजारी दुकानातल्या पोत्यांसारखं सगळं उघडं ठेवत: मेल, निरोप, आवाज बंद करून चालू ठेवलेला एखादा व्हिडिओ. ही कादंबरी मात्र इतकी जुनी होती की फक्त कागदावर होती. ताईंनी पडद्यावरचं सगळं बंद केलं, पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागल्या. शेवटी धाप लागून, नाइलाजाने, एका परिच्छेदापाशी थांबल्या.

टिक.

काचेपलीकडे बटणने हेडफोन कानांवर दाबले. ताई परत थांबल्या. टिक. ताईंचे बत्तीसच्या बत्तीस दात त्यांचे स्वतःचे होते आणि त्या हसल्या की ते सगळे दिसत.

एकदम सगळं कळण्याचा क्षण सुखाचा असतो म्हणतात; तसं म्हणणाऱ्याने स्वतः काही केलेलं नसावं. मायक्रोफोनमधला आवाज संगणकात एका छोट्या बादलीत पडत असतो आणि प्रोसेसरने वेळच्या वेळी उठून ती रिकामी करायची असते. पांघरूण घेऊन, कडी घालून झोपलेला कारकून उठेपर्यंत बादली वाहून जाई. तेवढाच आवाज सांडे आणि त्या जागी टिक उमटे. शब्दांच्या गर्दीत ती ऐकू येत नसे, शांततेत येई. चिमणीताईंच्या पसाऱ्यामुळे कारकुनाला आजवर गाढ झोप लागलीच नव्हती. काका कागदावरून वाचत, यंत्रावर दुसरं काहीच नसे, म्हणून तो घोरत असे. आणि बटण तपासायला बसला की त्याचे ते आलेख! ते रंगवायचं कामही त्याच कारकुनाला. साहेब फेरीवर आले की सगळं कार्यालय फायलींत मान घालून बसतं, तसा तो टक्क जागा राही. बटण दर वेळी स्वतःच्या हाताने पुरावा पुसून, मग पुरावा नाही म्हणून निकाल देत होता.

त्याने काय करावं? उठून बाईंकडे जावं. त्याने तसं केलं नाही. "ताई, बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. उद्या परत घेऊ हे," असं म्हणून त्याने त्यांना पाठवून दिलं आणि सिस्टिमला नवा हुकूम दिला: ध्वनिमुद्रण चालू असेल तोवर फक्त डुलकी, ते संपलं की झोप पाहिजे तेवढी गाढ. काही मिनिटांचं काम. विजेचा आकडा केसभर वर गेला. म्हणजे एवढ्या केसासाठी त्याने काकांचा गळा कापला होता.

चुपचाप चूक सुधारली की ती फिटते, असा एक गोड समज आहे. बटणने तो दोन दिवस उराशी धरला. तिसऱ्या दिवशी बाईंनी नवं प्रकरण ऐकलं आणि खाली आल्या. चक्क ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "स्वच्छ! एक टिक नाही. मला शेवटपर्यंत शंका होती हो, काकांवर अन्याय तर होत नाही ना. पण तुमचं निदान अगदी अचूक. डॉक्टर व्हायला हवं होतं तुम्ही."

बटण 'हं' म्हणाला. त्याने गुपचूप केलेली दुरुस्ती काकांविरुद्धचा शेवटचा पुरावा ठरली होती.

घरी त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. पण बायकोला खरी काळजी वाटली ती सकाळी, न्हाणीघरातला दिवा शेवटपर्यंत चालू राहिला तेव्हा. ती केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"

त्याने सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोडलं नाही, हे वाईट लक्षण होतं.

"मग सांगून टाका की."

"सांगणारच आहे. जरा योग्य वेळ बघून..."

"योग्य वेळ म्हणजे कधी? काकांचे ओठसुद्धा झिजतील तेव्हा?"

"आता तर आवाज बंद झालाय गं. उगाच त्यांच्या जखमेवर..."

"जखम त्यांची नाही, तुमची झाकताय तुम्ही," ती म्हणाली. "आणि ते दात घासून घेताना दुखलं असेल हो त्यांना."

कवळी घासताना दुखत नाही, असं म्हणायला बटणने तोंड उघडलं आणि मिटलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर बोलून झालं तेवढं पुष्कळ झालं होतं.

त्या संध्याकाळी तो काकांच्या घरी गेला. दार काकांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. सगळे त्यांना आक्का म्हणत. "आत या. सराव चाललाय त्याचा," त्या म्हणाल्या.

आतून काहीतरी फुसफुसत येत होतं. खिडकीपाशी काका त्याच कादंबरीची घरातली जुनी प्रत धरून मोठ्याने वाचत होते. तोंडात दात नव्हते. गाल आत गेलेले. "तिने दाल उफलं..." ते थांबले, खाकरले, आणि परत, "उघ... उघफलं."

"रोज तास दोन तास," आक्का हळूच म्हणाल्या. "म्हणतो, बिनदातांचं स्पष्ट वाचता आलं तर परत घेतील. शाळेतल्या पोरासारखा घोकतोय. जुनी कवळी घासून घासून बसेनाशी झाली. नवी केलीय, पण ती नुसती डबीत."

बटणला आल्या पावली पळावंसं वाटलं. पण काकांनी त्याला पाहिलं होतं. गडबडीने त्यांनी डबीतून नवी कवळी काढून बसवली. त्याच्यासमोर बिनदातांचं दिसायची लाज वाटली त्यांना. लाज, आणि त्यांना!

"ये रे, बटण. बस."

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं. झोप, पांघरूण, बादली, सगळं. मधेमधे 'म्हणजे तसं बघितलं तर' आणि 'कोणाच्याही लक्षात आलं नसतं' असे शब्द त्याच्या तोंडून निसटत होते आणि प्रत्येक वेळी तो ते परत गिळत होता. शेवटी म्हणाला, "तुमचे दात कधी वाजलेच नव्हते, काका. मीच तसं म्हणालो. आणि कळल्यावर गप्पही बसलो."

काका थांबले. एरवी पुस्तकांत थांबत तसे. त्या शांततेत बटण अक्षरशः देवाला विनवत होता, की काहीतरी वाजू दे.

"मी म्हणालो होतो तुला," काका म्हणाले. "काढून वाचतो म्हणून."

"होय काका."

"एका पानाचा प्रश्न होता."

"होय."

"आरशासमोर बसून तोंड उघडून बघायचो रे मी. कुठे वाजतंय म्हणून. आक्कालाही ऐकायला बसवलं. तिला तर कमीच ऐकू येतं." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "बाईंना सांगितलंस?"

"आधी तुम्हाला सांगावं म्हटलं..."

"उलटं केलंस. मला काय सांगतोस? माझे दात मला माहीत होते. निकाल जिथे लागला, तिथे जाऊन फिरव."

चहा न विचारता आक्कांनी दार उघडून धरलं.

दुसऱ्या दिवशी बटणने बाईंना सांगितलं. बाईंचे डोळे पाणावले. "किती मोठं मन आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "काकांना वाईट वाटू नये म्हणून दोष स्वतःवर घेताय."

बटणला रडावं की हसावं कळेना. चुकीचं बोलला तेव्हा एका वाक्यात पटलं होतं; खरं बोलायला लागला तर त्याला संतपद मिळत होतं. त्याने बाईंना खाली आणलं, खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले. यंत्राला जुना हुकूम परत दिला. मायक्रोफोन चालू केला आणि काचेपलीकडे बोट दाखवलं. खुर्ची रिकामी होती. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

बाई ऐकत राहिल्या. मग दचकल्या. थोड्या वेळाने परत दचकल्या. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"त्यांना आपण घरी बसवलं," त्या म्हणाल्या. नेहमीइतक्याच हळू, पण या वेळी शब्दन् शब्द ऐकू आला. त्यातलं 'आपण' केवळ भिडेपोटी होतं.

काका आले ते बाई स्वतः आणायला गेल्या म्हणून. बटणकडे न बघता ते खुर्चीत बसले. पुस्तक उघडलं. चिमणीताईंनी वाचलेली प्रकरणं बाजूला ठेवून सुरुवात पुन्हा त्याच दारापासून करायची होती. बटणने हुकूम तपासला, परत तपासला, मुद्रण सुरू केलं.

"तिने दार उघडलं..." काका थांबले.

खट्ट.

बाईंनी बटणकडे पाहिलं. बटणने पडद्याकडे पाहिलं. बादली सांडली नव्हती, कारकून जागा होता. आणि हा आवाज टिक नव्हताच. जाड होता, ओलसर होता, माणसाचा होता. काचेपलीकडे काकांनी तोंडावर हात नेला होता. जुनी कवळी त्यांच्या तोंडात वर्षानुवर्षं मुरलेली, कधी न वाजलेली. ती घासली गेली बटणच्या निदानाने. ही नवी, त्याच निदानाने आलेली, अजून परकी, आणि वाजणारी.

स्पीकरमधून काकांचा आवाज आला. "हे यंत्र आहे का रे?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं! काकांचं मन राहिलं असतं, दोष परत यंत्रावर गेला असता, जिथे तो पहिल्यापासून होता. बटणने बोलायचं बटण दाबलं.

"नाही, काका. हे दात आहेत."

"वाटलंच." काकांनी पुस्तकावर हात ठेवला. मिटायला की सपाट करायला, ते कळेना. "मग? थांबू?"

बाई पुन्हा बटणकडेच बघत होत्या. पुन्हा निकाल त्याच्याच हातात, हीच तर शिक्षा होती.

"वाचा, काका. दात माझ्यामुळे आलेत, त्यांचा आवाज मी पुसेन. एकेक शोधून."

"यंत्र पुसत नाही का आपोआप?"

"पुसतं. पण ते 'ट' आणि 'ठ' पण पुसतं."

काकांनी पहिल्यांदाच काचेतून त्याच्याकडे सरळ पाहिलं. क्षमा वगैरे काही नव्हतं त्या बघण्यात. टपाल कार्यालयात तिकीट कमी लावलेलं पाकीट हातात आल्यावर कारकून ज्या नजरेने बघतो, ती नजर होती.

"जाड पुस्तक आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे, काका."

"आणि मी थांबतो फार."

"थांबा तुम्ही."

काकांनी पान सपाट केलं, खाकरले आणि दाराबाहेर कोण उभं होतं ते वाचायला लागले. बटणने हेडफोन नीट बसवले आणि पहिल्या खट्टवर खूण केली.